पुरलेली मडकी

कडूबाईच्या आधी तिच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथी झाली तेव्हा मरणालाही ती नकोशी वाटावी म्हणून तिचं नाव कडू ठेवलं. ती जगली. "नावानं जगले बगा, बाईसाब," असं ती हसत सांगायची आणि हसताना पदराचं टोक दातात धरायची.

१९७० ते ७३ अशी तीन वर्षं मी तिला ओळखत होते. माझे यजमान एका सहकारी खरेदी-विक्री संघात व्यवस्थापक होते. संघाचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळच्या माणसांची मुलं-नातवंडं तिथंच आहेत. तुळजापूरच्या पलीकडं वाशीच्या बाजूचा माळ, त्यावर गोदाम, कचेरी आणि नोकरांसाठी बांधलेली पाच घरं एका ओळीत. ओळीपासून साठ-सत्तर पावलांवर, गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून कडूबाईची एक खोली. ती कचेरी झाडायची आणि गोदामातली फाटकी पोती दाभणानं शिवायची. नवरा विहिरीच्या सुरुंगात गेलेला, मूलबाळ नाही. काम होतं तोवर खोली होती.

मी शिकले सिकंदराबादला, कॉन्व्हेंटमध्ये. तिथल्या सिस्टर आग्नेस यांनी आम्हा मुलींना रोज डायरी लिहायला लावली. आधी पाहिलेलं लिहायचं, मग वाटलेलं. मी बाराव्या वर्षापासून लिहिते आहे. पाहिलेलंच इतकं व्हायचं की बहुतेक दिवशी वाटलेलं लिहायला जागा उरायची नाही. हे सगळं त्याच वह्यांमधून उतरवते आहे, म्हणून तारखा चुकणार नाहीत.

त्या माळावर बायकांना दुसरं काय होतं? सिनेमा नाही, बाजार आठवड्यातून एकदा. म्हणून आम्ही बागा केल्या. प्रत्येक घरामागं दोन खाटांएवढी जागा होती. हिशेबनिसांच्या पुतळाबाईंची शेवंती, मालनबाईंच्या मोरीच्या पाण्यावरचं अळू आणि कर्दळ, माझे चार गुलाब, जे कधी धड झाले नाहीत. रविवारी ऊन उतरलं की आम्ही एकमेकींच्या बागा पाहायला निघायचो. पाच घरं, म्हणजे पाच मिनिटांची वाट, पण आम्ही धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून जायचो. डायरीत त्या दिवसाची ओळ ठरलेली: "बाग पाहिली:" आणि पुढं काय फुललं, कशाला मावा पडला, कुणी कशाची फांदी दिली.

फांदी द्यायची आमची एक रीत होती. मागून नेलेली फांदी धरत नाही, चोरून नेलेली लगेच धरते, असा सगळ्यांचा पक्का समज. त्यामुळं घरची बाई मुद्दाम तोंड फिरवायची आणि पाहुणी फांदी मोडायची.

"पुतळाबाई, इकडं बघू नका हो."

"मी कुठं बघतेय? मी आपली म्हशी मोजतेय."

समोर माळावर एकही म्हैस नसायची. मग दोघी हसायच्या.

कडूबाईकडं यातलं कुणी जात नव्हतं. ती बौद्ध होती. कुणी तसं बोलून दाखवत नसे, बागांची फेरी पाचव्या घराशी संपायची, एवढंच. मी गेले ते १४ मार्च १९७१ला, तेही योगायोगानं. कचेरीची किल्ली तिच्याकडं राहिली होती आणि शिपाई सुटीवर होता. खोलीपाशी पोचायच्या आधीच मोगऱ्याचा वास आला. मी मागं वळसा घालून गेले आणि उभीच राहिले.

कौलांच्या तुकड्यांची कड केलेले तीन मोगरे. कोपऱ्यात कागदी लिंबू. छपरावर दोडक्याचा वेल, खाली गवती चहा, सब्जा, झेंडूची रोपं. माती काळी, भुसभुशीत, हातानं चाळलेली. एक वाळलं पान खाली पडलेलं नव्हतं. सिकंदराबादला आमच्या कॉन्व्हेंटच्या बागेत तीन माळी होते, तिथंही मी असे मोगरे पाहिले नव्हते.

"बाईसाब, तुमी? हिकडं?" ती खुरपं टाकून उठली.

"किल्ली हवी होती. कडूबाई, ही माती कुठनं आणलीस?"

"वढ्याची. पाटीपाटीनं आनली दोन वरीस. मातीला खायला घातलं की ती पानी लई मागत न्हाय, बगा." मग माझी नजर मोगऱ्यावर पाहून ती म्हणाली, "घ्या की मोडून. मी म्हशी मोजते."

आमचं बोलणं तिनं झाडताना ऐकलेलं होतं. मी फांदी मोडली. तिनं चहाचं विचारलं. डायरीत लिहिलं आहे, "चहा नको म्हटलं." ती फांदी माझ्या दारात लागली.

त्यानंतर मी महिन्यातून एखादा रविवार तिच्याकडं जायची, शेवटी, एकटी. इतर बायका म्हणायच्या, "तुम्ही काय बाई, कॉन्व्हेंटच्या. तुम्हाला सगळं चालतं." चालत होतं असं नाही. मी तिच्या उंबऱ्याच्या आत कधी गेले नाही. पण तिच्या बागेत उभं राहिलं की मला बरं वाटायचं. डायरीतल्या ज्या थोड्या ओळी वाटलेल्याच्या आहेत, त्यातल्या पुष्कळ तिथल्या.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. पौषात संघाच्या विहिरीचा तळ उघडा पडला. जानेवारीपासून टँकर यायला लागला आणि त्याचं पाणी साठवायला घाईनं एक सिमेंटचा हौद बांधला. पाण्याची समिती झाली. गोदाम सांभाळणारे बब्रुवानराव तिचे प्रमुख, हौदाच्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडं. घराला चार घागरी, कडूबाईला दोन. ती रांगेत शेवटी उभी राहायची आणि बब्रुवानराव तिच्या घागरीत वरून पाणी ओतायचे, भांड्याला भांडं लागू न देता. त्यात थोडं सांडायचं. सांडलेलं तिच्या वाटचं.

गावातली माणसं खडी फोडायला जात होती, जनावरं छावणीत गेली होती. अशा वेळी बागेला पाणी घालायचं मनात आणणंही शरमेचं होतं. शेवंती गेली, अळू गेलं, माझे गुलाब गेले, कडूबाईच्या फांदीचा मोगराही गेला. रविवारी आम्ही एकमेकींच्या दारात नुसत्या बसायचो.

११ फेब्रुवारीला मी कडूबाईकडं गेले. दोडका, झेंडू, गवती चहा, काही उरलं नव्हतं. लिंबाची पानं झडली होती. पण तीन मोगरे हिरवे होते. मातीवर ओलीचा डाग नव्हता.

"कसं गं केलंस?"

तिनं आजूबाजूला पाहिलं, खाली बसली आणि मोगऱ्याच्या बुंध्यापाशी जमिनीवरचं एक खापर उचललं. खाली मडक्याचं तोंड होतं. गळ्यापर्यंत पुरलेलं मडकं, आत काळपट पाणी.

"कच्च्या भाजनीची मडकी हायत. कुंभार फेकून देतो, ती आनली. ह्येच्यातनं पानी पाझरतं हळूहळू, मुळाला गावतं, उनाला गावत न्हाय. तिनाला सा मडकी. एकदा भरलं की पाच-सा दिस."

"आणि भरायला पाणी?"

ती हसली. "माझं अंगुळीचं. चार दिसाला परातीत बसून अंगुळ करते, ते गाळून घालते. भांडी राखंनं घासते, धुवत न्हाय. वास येतो बगा, घाला हात."

मी हात घातला नाही. वाकले तेव्हा वास आलाच.

"एवढं कशासाठी, कडूबाई?"

तेव्हा तिनं सांगितलं. तिची आई दर वर्षी गावच्या देवळाबाहेर उभी राहून पायरीवर फूल टाकायची. पुजारी काठीनं ते आत सरकवायचा, कधी सरकवायचा नाही. छपन्न साली दीक्षा घेतल्यावर पहिल्या वैशाखी पौर्णिमेला कडूबाईनं बुद्धाच्या मूर्तीपुढं आपल्या हातानं फूल ठेवलं. त्यानंतर एकही वर्ष चुकलं नव्हतं. सोळा वर्षं, आणि फूल दर वेळी आपल्याच झाडाचं. "इकतची न्हाईत, मागितल्याली न्हाईत," ती म्हणाली. "यंदा वस्तीत कुनाकडं बी फूल न्हाय. माज्याकडं ओंजळभर निगतील. सतरा मेला पौर्णिमा हाय. तवर ह्यांनी जगाया पायजे."

मी घरी येऊन सगळं लिहिलं, मडक्यांची संख्या, आंघोळीचं पाणी, सतरा मे.

एप्रिलच्या शेवटी हौदातलं पाणी चोरीला जायला लागलं. निदान समितीला तसं वाटलं. संध्याकाळी कुलूप लावताना काठीनं खूण करायची आणि सकाळी पाणी खुणेच्या चार बोटं खाली. कुलूप तसंच, आणि पाणी कमी. घरटी एक घागर कापली. मालनबाईंच्या धाकट्याला हगवण लागलेली, त्याला पाजायलाही पाणी मोजून. माणसं एकमेकांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागली.

५ मेला अक्षय्य तृतीया होती, चैत्रातल्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. पुतळाबाईंनी बोलावलं. पन्हं नव्हतंच, वाटली डाळ होती, तीही घशाखाली उतरत नव्हती. बोलणं बागांवर आलं, मेलेल्या माणसांवर यावं तसं. कुणी शेवंतीची आठवण काढली, कुणी कर्दळीची. आणि मी, जी सहसा ऐकत बसते, ती म्हणाले, "कडूबाईचा मोगरा मात्र कळ्यांवर आहे."

मला तिचं कौतुक करायचं होतं. कुणीतरी एक झाड जगवलं, एवढंच सांगायचं होतं.

"कळ्यांवर?" पुतळाबाईंच्या हातातला करंडा थांबला. "आणि पाणी कुठलं हो?"

"तिनं मडकी पुरली आहेत. जमिनीत."

"पाण्याची?"

"हो, पण ते..."

"अगं बाई! पाणी पुरून ठेवलंय!" मालनबाई उठूनच उभ्या राहिल्या. "माझं लेकरू जिभेनं ओठ चाटतंय, आणि ती पाणी पुरतेय?"

मी सांगायचा प्रयत्न केला. आंघोळीचं पाणी आहे म्हणाले. पण चार जणी एकदम बोलत होत्या, आणि दोन घागरी मिळणाऱ्या बाईच्या आंघोळीच्या पाण्यावर तीन मोगरे जगतात हे कुणाला पटलं असतं? "तुम्ही भोळ्या," पुतळाबाई म्हणाल्या आणि माझ्या ओटीत हरभरे घातले.

दुसरा दिवस रविवार. बागा पाहायचा दिवस. सकाळी नऊला समिती कडूबाईच्या बागेत गेली. बब्रुवानराव, हिशेबनीस, दोन हमाल पहारी घेऊन. मागून सगळ्या बायका. मीही गेले. यजमान आले नाहीत. "समितीचं काम समिती करील," म्हणाले.

कडूबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. मोगऱ्यावर कळ्या होत्या, हिरवट पांढऱ्या, बंद. मी मोजल्या नाहीत.

बब्रुवानरावांनी पायानं खापर सरकवलं. मडक्याच्या तोंडात पाणी चकाकलं. बायकांमधून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो.

"हे काय?"

"माजं अंगुळीचं हाय, सायेब. गाळल्यालं. वास घ्या. बोट बुडवून बगा."

कुणी पुढं झालं नाही. आज लिहिताना मला सगळं त्या एका क्षणाशी थांबलेलं दिसतं. एक बोट बुडवायचं होतं. नाकाशी न्यायचं होतं. अंगाच्या मळाचं, चार दिवसांचं, राखेच्या वासाचं पाणी, त्याला कोण टँकरचं म्हणालं असतं? पण ते कडूबाईच्या मडक्यातलं, तिच्या अंगावरचं पाणी होतं. दहा-बारा माणसं तिथं होती. तहानेनं जीव चाललेला होता, पण त्या पाण्यात बोट घालायला एकही हात पुढं आला नाही.

कडूबाईनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी मडक्यापासून तीन पावलांवर होते.

"पाणी सहा मडकी," बब्रुवानराव म्हणाले. "आणि हौदातनं चार बोटं. आता आणखी काय बघायचं?"

हमालांनी पहारी घातल्या. कच्च्या भाजणीची मडकी, लगेच फुटली. मुळं मडक्यांना गुंडाळलेली होती, पाण्याच्या शोधात गेलेली, बारीक, पांढरी, केसांसारखी. खापरांबरोबर ती तुटून वर आली. पाणी मातीत गेलं आणि मिनिटभरात माती पुन्हा कोरडी दिसायला लागली.

डायरीत त्या दिवशी आहे: "रविवार, ६ मे. समितीने कडूबाईची मडकी फोडली. दुपारी उष्णता फार."

तिचं पाणी बंद झालं. सोमवारी सकाळी ती माझ्या मागच्या दाराशी आली, पायरीच्या खाली उभी राहिली.

"बाईसाब, तुमाला ठावं हाय. साहेबांना सांगा. तुमी लिवून बी ठिवता."

"सांगते," मी म्हणाले.

मी सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "लोक तापलेत. आज तिची बाजू घेतली तर उद्या म्हणतील, मॅनेजरच्या बायकोनंच पाणी दिलं. आठ दिवस जाऊ देत. आणि ती डायरी कुणाला दाखवू नकोस." मी डायरी कपाटात ठेवली. माझ्या घरात तीन घागरी पाणी होतं. त्यातलं तांब्याभरही मी तिच्याकडं नेलं नाही. ओळीतल्या पाचही दारांमधून तिच्या खोलीकडची वाट दिसायची.

आठ दिवस लागले नाहीत. बुधवारी सकाळच्या एसटीनं ती गेली. एका मोगऱ्याचा बुंधा मातीसकट पोत्यात बांधून मांडीवर घेतला होता, असं शिपायानं सांगितलं. उरलेले दोन दुपारपर्यंत वाळले. कळ्या उमलल्या नाहीत, तशाच तपकिरी झाल्या.

शुक्रवारी, ११ मेला, हौदाच्या तळाला चीर सापडली. पाणी तरीही उतरतच राहिलं म्हणून बोलावलेल्या गवंड्याला मागच्या बाजूला जमीन मऊ लागली म्हणून त्यानं खणून पाहिलं. पाणी तिथून जात होतं, रोज चार बोटं.

मी घरी येऊन मागची पानं उलटली. २८ एप्रिलच्या पानावर, माझ्याच अक्षरात: "हौदामागे हरळी हिरवी. कोवळे पाते. आश्चर्य." सगळा माळ जळालेला असताना हौदामागं गवत हिरवं होतं. बागा पाहण्यात जन्म घालवलेल्या बाईनं ते पाहिलं, लिहिलं, आणि गवताला पाणी कुठून मिळतं हे स्वतःला विचारलं नाही. कडूबाईच्या मोगऱ्याचं मात्र सगळ्यांनी विचारलं.

समितीच्या वहीत "हौदाची दुरुस्ती केली" एवढंच आलं. पुतळाबाई एकदा म्हणाल्या, "असंल बाई, पण पुरून कशाला ठेवायचं?" यजमानांना मी म्हटलं, तिला पत्र पाठवून बोलावून घ्या. "बोलावून काय सांगायचं?" ते म्हणाले. सतरा तारीख आली आणि गेली.

जूनमध्ये पाऊस झाला, बागा पुन्हा धरल्या. रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी जाणं सोडून दिलं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण डायरीत आहे. मी जायची, धुतलेलं लुगडं नेसून.

यजमान ब्याऐंशीला गेले. मी मुलाकडं सोलापूरला आले. तिथं संघातला जुना शिपाई भेटला, त्याच्याकडून कळलं की कडूबाई तामलवाडीत भावाच्या जागेत राहते, बरीच वर्षं रोजगार हमीवर खडी फोडली, आता एकटीपुरतं भागतं. २७ मार्च १९८४ला, मंगळवारी, तुळजापूरला निघाले होते, ती मध्येच तामलवाडीला उतरले.

वस्तीतल्या शेवटच्या घरापुढं ती सुपात धान्य निवडत बसली होती. केस पांढरे, हातांना खडीनं पडलेले घट्टे. तिनं मला ओळखलं. "बाईसाब," म्हणाली आणि घोंगडी टाकली. आतून तांब्या-भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि बघत राहिली. मी सगळं पाणी प्यायले.

पूर्वी मी तिला अगं-तुगं करायची. त्या दिवशी आपोआप तोंडात "तुम्ही" आलं.

"तुम्हाला कळलं होतं का, हौद फुटका होता?"

"कळलं. शिपायानं सांगितलं तवाच."

"मी त्या दिवशी बोट बुडवायला हवं होतं, कडूबाई."

ती सुपातले खडे वेचत राहिली. "तुमी बोलनार न्हाय, ह्ये मला ठावं व्हतं. मोठ्यांच्या पुढं कोन बोलतंय. पर वाटलं, बोट तर बुडवतील. तुमी माज्या दारची फांदी नेली व्हती." मग तिनं विचारलं, "लिवलं का त्या दिशी?"

"लिहिलं."

"काय लिवलं?"

मला पाठ होतं. मी म्हणून दाखवलं, उष्णतेसकट.

"खरं लिवलंय," ती म्हणाली. "उनं लईच व्हती."

तेवढ्यात वारा फिरला आणि घराच्या मागून वास आला. मोगऱ्याचा, आणि ओल्या मातीचा.

"त्या वर्षी पौर्णिमेला?" मी विचारलं.

"रिकाम्या हातानं ग्येले. तेवढं एकच वरीस."

"मागं बाग आहे?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं नीट पाहिलं. रागानं नव्हे.

"हाय," ती म्हणाली. "पर बाग दावली की मानूस समदं बगून जातंय, बाईसाब. पुना काय कुठं बोलंल, सांगता येत न्हाय. तुमची यष्टी येईल आता. फाट्यापातुर येते मी."

ती फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. माझी पिशवी तिनं घेतली नाही आणि मीही दिली नाही. गाडी आली, मी चढले. तुळजापूरला पोचल्यावर देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आधी दुकानाच्या बाकावर बसून डायरी काढली आणि लिहिलं:

"तामलवाडी. कडूबाईंकडे पाणी प्यायले. बाग पाहिली नाही."